इंधनघटाचे बुणगे

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऑक्टोबर 2020 मध्ये, करोनाच्या साथीचा अंमल अद्याप सरलेला नसताना, पाच माणसे बसतील अशी एक साधी मोटारगाडी हायड्रोजनवर चालवून पाहण्यात आली. गाडीच्या टाकीत 350 बार दाबाखाली सुमारे पावणेदोन किलोग्रॅम हायड्रोजन मावत होता. एवढ्या वायूवर ताशी 60 ते 65 किलोमीटर वेगाने ती अदमासे अडीचशे किलोमीटर जाईल असा ती घडविणारांचा हिशेब होता. आणि तिच्या पोटात धूर, ज्वाला किंवा धडधडणारा दट्ट्या यांपैकी काहीही नसून 10 किलोवॉट वीज देणाऱ्या इंधनघटांचा एक संच होता, ज्याचे मर्मस्थान आपल्या प्रयोगशाळांनी स्वतःच्या विद्येवर सिद्ध केलेले होते. पुढे 21 ऑगस्ट 2022 रोजी याच विद्येवर चालणारी बस पुण्यातच लोकांपुढे आली. या दोन्ही कामांत प्रयोगशाळेच्या जोडीला केपीआयटी ही पुण्याचीच कंपनी होती.

ही हकीकत वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न साहजिकच उभा राहतो: जी यंत्रणा पाच माणसांसकट गाडी ओढते, तीच आकाराने शतांश करून आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये, मांडीवरच्या संगणकात किंवा म्हाताऱ्या माणसाच्या कर्णयंत्रात का बसवू नये? गाडीला दहा हजार वॉट लागतात, मोबाइलला दोन-तीन पुरतात. तेव्हा जे अवघड ते साधले आणि जे सोपे ते राहून गेले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटावे यात नवल नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गेल्या पाव शतकात जपान, अमेरिका आणि जर्मनी येथील मोठमोठ्या कारखान्यांनी हाच उद्योग केला, त्यावर अपार द्रव्य वेचले, आणि तरीही खिशापर्यंत पोहोचलेला इंधनघट तेथे टिकू शकला नाही. तो का टिकला नाही, हे नीट समजून घेतले म्हणजे त्याची खरी जागा कोठे आहे हेही आपोआप उमगते, आणि ती जागा, माझ्या मते, पुण्याच्या संशोधकांच्या अगदी हाताशी आहे.

बॅटरी आणि इंधनघट यांत मूळचाच एक भेद आहे. बॅटरीत जी द्रव्ये भरलेली असतात तीच झिजून वीज देतात, आणि ती संपली की बॅटरी एकतर टाकावी लागते, नाहीतर तासन्‌तास पुन्हा भारावी लागते. इंधनघट मात्र स्वतः झिजून वीज देत नाही, बाहेरून येणाऱ्या इंधनाचा आणि हवेतील प्राणवायूचा संयोग तो घडवून आणतो आणि त्या संयोगातली ऊर्जा जाळ न करता विजेच्या रूपाने वसूल करतो. एका बाजूने हायड्रोजन येतो; तेथील प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांवर त्याचे विघटन होऊन प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात; मधले पटल प्रोटॉनांना पलीकडे जाऊ देते, इलेक्ट्रॉनांना मज्जाव करते; त्यामुळे इलेक्ट्रॉनांना तारेतून वळसा घालून जावे लागते, आणि हा वळसा म्हणजेच आपल्याला हवी असलेली वीज. पलीकडे प्राणवायू, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन पाणी बनते. अशा एका घटातून सिद्धांताप्रमाणे 1.23 व्होल्ट मिळावयास हवेत, प्रत्यक्षात काम करताना 0.6 ते 0.7 मिळतात, म्हणून अनेक घट एकावर एक रचून संच करावा लागतो.

ही कल्पना नवी नाही. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश पंडिताने, जो पेशाने वकील होता आणि पुढे न्यायाधीश झाला, 1839 मध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून ती सिद्ध केली होती. नंतर शतकभर ती प्रयोगशाळांच्या फडताळात पडून राहिली; 1965 मध्ये अमेरिकेच्या जेमिनी 5 या अंतराळयानाने तिला कामाला लावले, आणि अपोलो यानांतील घटांनी तर विजेबरोबर अंतराळवीरांना पिण्याचे पाणीही पुरविले.

इंधनघटाचे हृदय म्हणजे पटल आणि त्याच्या दोन बाजूंचे विद्युदग्र यांची एकजीव चकती. प्रयोगशाळेतील मंडळी तिला एमईए या आद्याक्षरांनी ओळखतात. ती हातात धरून पाहिली तर काळ्या कागदाच्या तुकड्यापलीकडे तिच्यात लक्ष वेधून घेण्याजोगे काही दिसत नाही. मधले पटल नॅफिऑन नावाच्या पारदर्शक बहुवारिकाचे असते आणि त्याची जाडी बहुधा मिलिमीटरचा विसावा भाग एवढीच भरते. काजळीच्या कणांवर दोन ते पाच नॅनोमीटर आकाराचे प्लॅटिनमचे कण बसवावयाचे, ती काजळी अल्कोहोल, पाणी आणि द्रवरूप नॅफिऑन यांत कालवून तिची शाई करावयाची, ती शाई सच्छिद्र कार्बन कागदावर फवाऱ्याने थरावर थर चढवावयाची, आणि मग पटलाच्या दोन्ही अंगांस असे कागद लावून ती त्रिपदरी चवड सुमारे 130 अंश सेल्सिअसवर दाबयंत्रात काही मिनिटे दाबावयाची, असा तिचा विधी आहे. ऐकावयास हे सोपे वाटते. पण शाई किंचित दाट झाली तर वायू आत शिरत नाही, किंचित पातळ झाली तर ती कागदाच्या रंध्रांत उतरून प्लॅटिनम वाया जाते, आणि दाब कमीअधिक झाला तर पटलाला डोळ्यांना न दिसणारे भोक पडून सारा घट निकामी होतो. ही कला ग्रंथांतून पूर्णपणे उतरत नाही, हातांतून हातांत जाते. आणि म्हणूनच ती आपल्याकडे आहे ही गोष्ट मला गाडीच्या धावण्याहून अधिक मोलाची वाटते.

3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उघडलेल्या पुण्याच्या या प्रयोगशाळेने इंधनघटाचे काम एकटीने केलेले नाही. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेने घटांच्या रचनेचा भार उचलला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने सच्छिद्र कार्बन कागद देशात तयार केला, आणि पुण्याने पटलांच्या रसायनावर लक्ष केंद्रित केले. उष्णता सोसणाऱ्या पटलांवर डॉ. उल्हास खारूल यांनी केलेले काम आणि या क्षेत्रातील डॉ. आशिष लेले यांचे नेतृत्व, ज्यांच्याकडे 2021 पासून प्रयोगशाळेच्या संचालकपदाची सूत्रे आली, यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. 2016 मध्ये केपीआयटीशी करार झाला तेव्हा प्रयोगशाळांनी चकती दिली आणि कंपनीने तिच्याभोवतीचा संच. या संचात दोन चकत्यांच्या मधल्या पट्ट्या अत्यंत पातळ धातूच्या केल्यामुळे त्याचे वजन दोन-तृतीयांशाने घटले. लघुकरणाचा पहिला धडा तो हाच. पण तो पहिलाच, शेवटचा नव्हे.

कारण संच म्हणजे सबंध यंत्रणा नव्हे. पानिपतच्या मोहिमेत लढणाऱ्या फौजेबरोबर जे बिनलढाऊ बुणगे निघाले, त्यांचे खाणेपिणे, त्यांचे संरक्षण आणि त्यांची संथ चाल यांपायी फौजेचा वेग कसा खुंटला हे मराठी वाचकास सांगावयास नको. इंधनघटाच्या संचामागे असेच बुणगे चालतात: हवा कोंडून देणारा काँप्रेसर, ती हवा दमट करणारे उपकरण, उष्णता वाहून नेणारा पंप आणि रेडिएटर, दाब उतरविणारी झडप, न वापरलेला वायू परत फिरविणारी नळी, आणि या सर्वांवर देखरेख करणारे विद्युत्‌मंडळ. गाडीच्या बॉनेटखाली यांना जागा असते आणि दहा किलोवॉटांतून यांचे पोट भरूनही पुष्कळ वीज उरते. परंतु संच शतांश केला म्हणून पंप शतांश होत नाही. पंप निम्मा केला तरी घर्षणाने खाल्ली जाणारी वीज निम्मी होत नाही. आणि दोन वॉटांच्या घटामागे एक वॉट खाणारा पंखा लावणे म्हणजे उत्पन्नाचा अर्धा हिस्सा वसुलीच्या खर्चातच घालविणे होय. लहान इंधनघटाची सारी कथा ही या बुणग्यांना वाटेतच निरोप देण्याच्या खटपटीची कथा आहे.

प्रथम इंधनाचाच मामला घ्यावा. हायड्रोजन वजनाने सर्वांत हलके आणि ऊर्जेने सर्वांत समृद्ध इंधन. पण जागेच्या बाबतीत तो फार उधळा आहे. साध्या वातावरणीय दाबाखाली एक लिटर हायड्रोजनात जेमतेम तीन वॉट-तास ऊर्जा असते आणि तीतली निम्मीच विजेच्या रूपाने हाती येते. आजच्या मोबाइलची बॅटरी सुमारे 18 वॉट-तासांची. म्हणजे ती एकदा भरावयास बारा लिटर हायड्रोजन हवा, एक भरलेली बादली म्हणावी एवढा. गाडीप्रमाणे तो 350 बारांवर दाबून खिशात बाळगावा असे कोणी सुचविणार नाही. लँथॅनम आणि निकेल यांच्या मिश्रधातूत तो शोषून ठेवता येतो, आणि हा मार्ग सुरक्षित आहे. परंतु हा मिश्रधातू स्वतःच्या वजनाच्या दीड टक्क्याहूनही कमी हायड्रोजन धरतो, तेव्हा एका भरणीसाठी ऐंशी ग्रॅम धातू बरोबर हवा, आणि तेवढ्या वजनात लिथियमची बॅटरीही जवळजवळ तेवढीच वीज देते. हिशेब बरोबरीत सुटतो, आणि बरोबरीत सुटलेल्या हिशेबासाठी कोणी नवी वस्तू विकत घेत नाही.

म्हणून शहाण्या लोकांचे लक्ष मिथेनॉलकडे वळले. हा द्रव आहे, साध्या बाटलीत राहतो, आणि त्याच्या एका लिटरात सुमारे 4,400 वॉट-तास ऊर्जा असते, लिथियमच्या तेवढ्याच आकाराच्या बॅटरीच्या सहा-सात पट. 1990 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात नोबेल विजेते जॉर्ज ओला, त्यांचे सहकारी सूर्य प्रकाश आणि अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील एस. आर. नारायणन यांनी मिथेनॉलचा आधी हायड्रोजन न करता ते थेट घटातच वापरण्याची पद्धत पुढे आणली. यांतील दोघे मूळचे भारतीय आहेत हे येथे नोंदवितो. मिथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन कर्बवायू, सहा प्रोटॉन आणि सहा इलेक्ट्रॉन देतात. कागदावर याहून सुबक समीकरण शोधून सापडणार नाही.

पण घटाच्या आत शिरल्यावर अडचणींची रीघ लागते. मिथेनॉल पाण्याशी इतके मिळते-जुळते आहे की जे पटल पाण्याला वाट देते ते यालाही अडवू शकत नाही. ते पलीकडे झिरपते, हवेच्या बाजूला फुकट जळते, आणि जाता जाता तेथील व्होल्टही उतरविते. ते झिरपू नये म्हणून पाण्यात शेकडा तीन इतके सौम्य करावे, तर त्या पाणचट द्रवाच्या एका लिटरात पावणेदोनशे वॉट-तासदेखील धड राहत नाहीत आणि लिथियमवरची सारी आघाडी पाण्यात जाते. शुद्ध मिथेनॉल बाळगून घटानेच निर्माण केलेले पाणी त्यात मिसळत राहावे, तर ते पाणी थंड करून गोळा करणारे उपकरण, पंप आणि मिश्रणाची तीव्रता मोजणारा संवेदक हवा. म्हणजे बुणगे पुन्हा हजर. मिथेनॉलचे विघटन पूर्ण होता होता कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला चिकटून बसतो, त्याला हटविण्यासाठी रुथेनियम हा दुसरा महाग धातू घालावा लागतो. आणि इतके करूनही एका घटातून 0.3 ते 0.4 व्होल्टच पदरात पडतात.

आता हा घट मोबाइलच्या पाठीवर बसवून पाहू. पंखा-पंपाविना, खोलीच्या तपमानावर, पटलाच्या एका चौरस सेंटिमीटरातून फार तर वीस-तीस मिलिवॉट मिळतात. फोनला काम करताना दोन वॉट लागले तर सत्तर ते शंभर चौरस सेंटिमीटर पटल हवे. मोबाइलची सबंध पाठ शंभराच्या आसपास भरते. म्हणजे बहुतेक पाठ इंधनघटाने व्यापली पाहिजे, आणि ती उघडी पाहिजे, कारण तिला हवा लागते. हातात धरली, खिशात ठेवली की श्वास कोंडला. त्यात इंधनातील ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच वीज होतो, उरलेले तीन हिस्से उष्णता. दोन वॉटांमागे सहा वॉट उष्णता तळहाताला सोसावी लागेल. आणि जेवढे मिथेनॉल खर्च होते जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, ते सदऱ्याच्या खिशात जिरणार. घटाच्या आतील चर एक मिलिमीटराहून अरुंद केले की आणखी एक नवाच शत्रू उभा राहतो: एरवी क्षुल्लक असणारा पृष्ठताण तेथे सर्वसत्ताधीश होतो. कर्बवायूचा एक बुडबुडा चरात अडकला की इंधन थांबते, हवेच्या बाजूला पाण्याचा एक थेंब तोंडाशी बसला की प्राणवायू थांबतो, आणि मोठ्या संचात जोराच्या झोताने असे थेंब उडवून देणारा काँप्रेसर येथे नसतो. मोठ्या यंत्राची केवळ प्रमाणबद्ध प्रतिकृती केली तर ती चालत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

या साऱ्या अडथळ्यांतून तोशिबा कंपनी जितकी पुढे गेली तितके फार थोडे गेले. तिने जून 2004 मध्ये दाखविलेला घट अंगठ्याएवढा होता, वजन 8.5 ग्रॅम, त्यात पंप नव्हता, जवळजवळ शुद्ध मिथेनॉल आपोआप झिरपत पटलापाशी येई, आणि दोन मिलिलिटरांवर एक छोटे संगीतयंत्र वीस तास वाजे. बुणग्यांचा त्याग कसा करावा याचा तो उत्कृष्ट वस्तुपाठ होता. परंतु ऑक्टोबर 2009 मध्ये याच कंपनीने डायनॅरिओ नावाने बाजारात आणलेली वस्तू 280 ग्रॅम वजनाची होती, तिच्यात लिथियमची बॅटरी होतीच, चौदा मिलिलिटर मिथेनॉलवर ती मोबाइल दोनदा भारी, किंमत 29,800 येन, आणि केवळ 3,000 नग, तेही जपानापुरते. पुढे ती वाढली नाही. इतरांचे प्रयत्नही थोड्याफार फरकाने असेच निवर्तले. दरम्यान लिथियमच्या बॅटऱ्या स्वस्त आणि दणकट होत गेल्या, मोबाइलमधील चिपा काटकसरी झाल्या, आणि भिंतीवरचा प्लग घरोघर, एसटीत, रेल्वेत पोहोचला. ज्याला रोज रात्री फुकटात बॅटरी भारता येते त्याने मिथेनॉलची कुपी विकत का घ्यावी, या साध्या प्रश्नाला इंधनघटाच्या कैवाऱ्यांपाशी उत्तर नव्हते.

तथापि या पराभवात विद्या वाया गेली नाही. 2009 च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन मिलिमीटर लांबीरुंदीचा आणि एक मिलिमीटर जाडीचा एक घट केला, त्याची युक्ती मला आजही विलक्षण वाटते. त्यात वर पाणी, खाली हायड्रोजन देणारे एक रासायनिक संयुग, आणि मध्ये बारीक भोके असलेला एक पापुद्रा. भोकांतून पाण्याची वाफ खाली जाई, तेथे हायड्रोजन तयार होई आणि घटात खर्च होई. खर्च थांबला की हायड्रोजनाचा दाब वाढून पापुद्रा वर उचलला जाई आणि पाण्याची वाट आपसूक बंद होई. पंप नाही, झडप नाही, देखरेख करणारी चिप नाही. मागणीप्रमाणे पुरवठा हे सूत्र केवळ पृष्ठताण आणि दाब यांच्याकडून पाळून घेतलेले. या घटाने 0.7 व्होल्टांवर तीस तास वीज दिली. 2022 मध्ये अमेरिकेतील एमआयटी आणि म्युनिकचे तंत्र विद्यापीठ यांनी रक्तातील ग्लुकोजवर चालावा या उद्देशाने फक्त 400 नॅनोमीटर जाडीचा सिरॅमिक घट केला. त्याच्या एका चौरस सेंटिमीटरातून सुमारे 43 मायक्रोवॉट मिळतात. शरीरात बसवावयाच्या एखाद्या संवेदकाला एवढे पुरावे. पण प्रयोगशाळेतून रुग्णाच्या देहापर्यंतचा रस्ता लांबचा आहे, आणि तो चाललाच आहे असे भासविणे रास्त होणार नाही.

अतिसूक्ष्म टोक आणि मोटारीचे टोक यांच्या मधोमध जो विस्तीर्ण मुलूख आहे, पाच वॉटांपासून पाचशे वॉटांपर्यंतचा, तो इंधनघटाचा खरा वतनी मुलूख होय, आणि याचे कारण एका साध्या जमाखर्चात आहे. बॅटरीला दुप्पट वेळ चालवावयाचे तर तिचे वजन दुप्पट होते. इंधनघटाचे तसे नाही. घटाचे आणि त्याच्या बुणग्यांचे वजन एकदाच भरावे लागते, पुढे वाढते ते केवळ इंधनाचे. म्हणून काम चार तासांचे असेल तर बॅटरी जिंकते, चार दिवसांचे असेल तर इंधनघट. 2008 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकाच्या अंगावर वागविता येईल अशा विजेसाठी एक स्पर्धा लावली होती: सरासरी 20 वॉट, 96 तास, आणि सर्व सामग्रीचे वजन चार किलोग्रॅमच्या आत. म्हणजे 1,920 वॉट-तास. भारता येणाऱ्या चांगल्या लिथियम बॅटरीने ते द्यावयाचे तर आजही आठ-दहा किलोग्रॅम लागतील. पहिले, दहा लाख डॉलरांचे, बक्षीस ड्यूपाँ आणि जर्मनीची एसएफसी कंपनी यांच्या मिथेनॉल घटाला मिळाले. याच जर्मन कंपनीचे असे घट आज युरोपात फिरती घरे, रस्त्यावरील कॅमेरे आणि दूरची ठाणी यांना वीज देतात, आणि एका किलोवॉट-तासाला त्यांना सुमारे 0.9 लिटर मिथेनॉल लागते.

येथे पुण्याच्या कामाचा पुन्हा विचार करावा लागतो. 26 सप्टेंबर 2019 रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते दिल्लीत ज्या 5 किलोवॉटांच्या यंत्रणेचे अनावरण झाले, ती वर उल्लेखिलेल्या तीन प्रयोगशाळा आणि पुण्याची थरमॅक्स कंपनी यांनी मिळून सिद्ध केली होती. ती मिथेनॉल किंवा जैव मिथेनवर चालते, आणि डिझेलचे जनित्र जेथे जेथे लागते तेथे तेथे, म्हणजे मोबाइलचे मनोरे, छोटी कार्यालये आणि एकांतातील ठाणी अशा जागी, तिचा विनियोग व्हावा असा हेतू आहे. तिच्यातील पटल नॅफिऑनचे नव्हे, फॉस्फोरिक आम्ल शोषलेल्या पॉलिबेन्झिमिडाझोलचे असते, आणि असे घट सुमारे 160 अंश सेल्सिअसवर काम करतात. एवढ्या उष्णतेचा घट खिशात येणार नाही हे उघड आहे. परंतु त्या उष्णतेमुळेच दोन बुणगे आपोआप गळतात: या पटलाला ओलाव्याची गरज नसल्याने हवा दमट करणारे उपकरण लागत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या प्लॅटिनमवर तितका चिकटून राहत नसल्याने मिथेनॉलपासून केलेला हायड्रोजन फारसा शुद्ध करावा लागत नाही. वाफ म्हणून निघून जाणारे पाणी थेंब बनून चर अडवीत नाही, हा तिसरा लाभ. पाच किलोवॉटांची ही यंत्रणा पन्नास-शंभर वॉटांपर्यंत, एका हाताने उचलता येईल अशा पेटीत उतरविणे हे काम मला पुण्याच्या संशोधकांपुढील सर्वांत उचित काम वाटते. त्यात अडचण आहे ती उष्णतेची: पेटी लहान झाली की आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग वाढतो, आतली उष्णता बाहेर पळते, आणि 160 अंश टिकविण्यासाठीच इंधन खर्ची पडते. उत्तम निरोधक आवरण, आणि घट व मिथेनॉल फोडणारा कक्ष एकमेकांना खेटून अशी रचना, या दोन दिशांनी ही गाठ सुटू शकते.

इंधनाच्या वाटपाचा प्रश्नही आपल्याकडे युरोपाहून वेगळा आहे, आणि तो रसायनशास्त्राचा नसून अंमलबजावणीचा आहे. मिथेनॉल हे जालीम विष. पोटात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, डोळ्यांची नस जाते, आणि जीवही जातो. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली ती याच द्रव्याने. अशा वस्तूच्या साठ्यावर आणि विक्रीवर परवान्याचा कडक बंदोबस्त असणे अगदी योग्य आहे, आणि तो ढिला करावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. पण पिंपातले मिथेनॉल आणि मोहोरबंद कुपीतले मिथेनॉल यांत भेद करता येतो. विमानात प्रवाशाने बाळगावयाच्या इंधनघटाच्या कुप्यांना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2007 पासून अटींसह मुभा दिली, ती याच भेदाच्या आधारावर. घटाला जोडल्यावाचून उघडत नाही अशा झडपेची कुपी, तिचा आकार आणि रंग, ती रिकामी झाल्यावर परत घेण्याची तजवीज, या गोष्टींचा मसुदा शासनाने आतापासून करून ठेवावा. नाहीतर यंत्र तयार आणि इंधन दफ्तरात अडकलेले अशी पाळी येईल.

आणि गरज नाही असे कोणी म्हणू नये. सह्याद्रीच्या माथ्यावर पर्जन्यमापके आणि नदीची पातळी सांगणारी यंत्रे जेथे सर्वांत आवश्यक, तेथेच जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही. सौर पट्टी ढगाखाली निस्तेज होते, आणि पूर येण्याच्या ऐन घटकेला यंत्र मुके होण्याचा संभव असतो. समजा, अशा एका ठाण्याला अहोरात्र दोन वॉट लागतात. चार महिन्यांचे, म्हणजे 120 दिवसांचे, 5,760 वॉट-तास झाले. शिशाच्या बॅटऱ्यांनी ते द्यावयाचे तर दीडशे किलोग्रॅमहून अधिक ओझे घाटात चढवावे लागेल. लिथियमचे तीसच्या आसपास, आणि किंमत निराळी. मिथेनॉल मात्र वरच्या हिशेबाने सव्वापाच लिटर पुरे, एका माणसाने एका हाताने नेण्याजोगे. आणि घट अखंड चालविण्याचीही जरुरी नाही, एक छोटी बॅटरी उतरली की काही तास चालून ती भारावी आणि पुन्हा निजावे. ताम्हिणी घाटाच्या धुक्यात हवेची जाळी शेवाळेल का, किडे तीत घर करतील का, शंभर टक्के दमट हवेत बाहेर पडणारी वाफ कोठे जिरेल, या प्रश्नांची उत्तरे पाषाणच्या वातानुकूलित खोलीत मिळणार नाहीत. पहिला नमुना तयार होईल तेव्हा तो जूनच्या आरंभी ताम्हिणीत नेऊन बसवावा, डबा काठोकाठ भरून त्यावर मोहोर करावी, आणि ऑक्टोबरात ती फोडून किती मिथेनॉल उरले ते मोजावे.